डबीतली बाई आणि मामाची पत्रिका

आमच्या ह्यांना कुणाला रस्ता विचारायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा. वाट चुकली तरी चालेल, डिझेल संपत आलं तरी चालेल, पण गाडीची काच खाली करून ‘अमुक गाव कुठं आलं’ असं विचारणार नाहीत. ते काम माझं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. आमच्या कोल्हापूर भागात रस्ता विचारणं हे दोन मिनिटांचं काम नसतंच. तुम्ही विचारता, “हा रस्ता कुठं जातो हो?” समोरचा त्याचं उत्तर देत नाही. तो आधी खिडकीत वाकून गाडीतल्या सगळ्यांची तोंडं बघतो आणि विचारतो, “कुठलं पावणं?” मग “कुणाकडं चाललायसा?” मग “त्येंचं तुमी कोन?” एवढी चौकशी पुरी झाली की त्याच्या चुलत्याची सून आमच्या नणंदेच्या गावची निघते, आणि चहा घेतल्याशिवाय पुढचं वळण काही कळत नाही. मला ह्या प्रकाराची मजा वाटायची. ह्यांचं डोकं दुखायचं.

ह्यांचा उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना. माणूस यंत्रात रमणारा. “मशीन एकदा सेट केलं की तेच माप देतं. माणूस सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरंच,” हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते म्हणताना ते बहुतेक वेळा माझ्याकडं बघत. त्यामुळे दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत रस्ता सांगणारं यंत्र पाहिलं, तेव्हाच पुढं काय होणार हे मला कळायला हवं होतं. महिन्याभरात ते पुण्याला जाऊन एक घेऊनच आले.

तळहातावर मावेल एवढी काळी डबी. पुढं पडदा, मागं रबराची चकती. चकतीला बोटानं पाणी लावायचं, ती गाडीच्या काचेवर दाबायची, वायर सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची. मग ती डबी चार-पाच मिनिटं आकाशातले उपग्रह शोधत बसायची. तेवढ्या वेळात गाडीत कुणी बोलायचं नाही असा ह्यांनी नियम केला होता. उपग्रहांना आमचं बोलणं ऐकू जात नाही हे मी एकदा सांगून पाहिलं. “तुला काय कळतंय त्यातलं?” असं उत्तर मिळालं. उपग्रह सापडले की हे “सापडले!” म्हणून ओरडायचे आणि डबीतून एक बाई इंग्रजीत बोलायला लागायची. आम्ही तिला ‘बाई’च म्हणू लागलो.

बाई आली आणि घरात माझी किंमत काय आहे ते मला नीट कळलं. मी “डावीकडं घ्या” म्हटलं की “मला कळतं” असं ऐकून घ्यावं लागायचं. बाईनं तेच सांगितलं की हे मुकाट्यानं डावीकडं. मात्र तिचा एक गुण मी मान्य करते. आम्ही चुकीच्या रस्त्याला लागलो तरी तिचा आवाज कधी चढला नाही. ती फक्त “री-कॅल्क्युलेटिंग” म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची. एवढा धीर माझ्यात नाही.

आमचं घर रंकाळ्याच्या बाजूला. तिथून उद्यमनगरला हे पंचवीस वर्षं जात-येत होते, पण आता रोज सकाळी बाईला विचारून जायला लागले. एकदा तिनं त्यांना महाद्वारच्या बाजूच्या एका बोळात घातलं. तिथं फुलवाल्या बसल्या होत्या, समोरून हातगाडी, मागं रिक्षा. अर्धा तास आरडाओरडा झाला, शेवटी दोघा-तिघांनी ढकलत गाडी उलटी बाहेर काढली. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, “होतं असं एखाद्या वेळी. नवीन आहे ती कोल्हापुरात.” मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा आमटीत मीठ जास्त पडलं, तर ‘नवीन आहे ती’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी ते डबी काचेवरून काढायचे, रुमालात गुंडाळून घरात आणायचे आणि शोकेसमध्ये ठेवायचे, मला शाळेकडून मिळालेल्या ढालीशेजारी. 

मला हसू यायचं. पण मी काही साधुसंत नव्हते. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा मी इतक्या वेळा काढला होता, की डोळे मिटून काढला असता. उजवीकडं शिरोळ, हातकणंगले, डावीकडं गगनबावडा, खाली आजरा, चंदगड. आणि आता त्या नकाशात एक छोटीशी गाडी चालत होती, तिच्यात मी बसले होते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी लहान पोरीसारखी हरखून गेले. हे मी ह्यांना कधी बोलून दाखवलं नाही. ह्यांच्या हातात एवढं कोलीत कोण देणार?

त्या पावसाळ्यात आम्ही शिरोळकडं एका बारशाला निघालो होतो. ऑगस्ट महिना, कृष्णेला पाणी. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधून रस्ता. पुढं एक ट्रॅक्टर आडवा लावून त्यावर एक शेतकरी बसला होता. बाई म्हणत होती, सरळ जा. शेतकऱ्यानं हात केला.

“पावणं, फुडं पाणी हाय.”

ह्यांनी नाइलाजानं काच खाली केली. “पण ह्यात तर रस्ता दिसतोय.”

शेतकऱ्यानं खाली उतरून डबीत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “बराबर हाय की. हाय त्यो रस्ता. खाली हाय.”

आम्ही परत फिरलो. बाई मैलभर आम्हाला माघारी वळायला सांगत होती आणि हे तिला समजावल्यासारखं “अगं, पाणी आहे” म्हणत होते. मी खिडकीबाहेर तोंड करून हसून घेतलं.

इथवर सगळा खेळच होता. मग आमच्या मुलीचं लग्न ठरलं.

आमच्याकडं पत्रिका वाटणं हे एक स्वतंत्र कार्य असतं. पोस्टानं पाठवून भागत नाही, फोन करून तर नाहीच. दोघांनी जोडीनं जायचं, उंबऱ्याच्या आत बसायचं, हळदीकुंकू लावलेली पत्रिका अक्षतांसकट हातात द्यायची आणि “लग्नाला यायचं” असं तोंडानं म्हणायचं. आणि ह्याला क्रम असतो. पहिली देवाला. अंबाबाईला, जोतिबाला, ज्याच्या त्याच्या कुळाच्या देवाला. देव झाले की मुलीचा मामा. मामाच्या आधी माणसातल्या कुणालाच नाही. कारण मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. बाकी कुणी आलं न आलं तरी लग्न लागतं, पण पाठीशी मामा नसला की सगळा मांडव तिकडंच बघत बसतो.

आमच्या मुलीला मामा एकच. माझा थोरला भाऊ, दादा. उत्तूरच्या पुढं, आजऱ्याच्या अलीकडं मुख्य रस्त्याला आमच्या गावचा फाटा आहे, तिथून दोन-तीन किलोमीटर आत गाव. वडील गेले तेव्हा मी सहावीत होते आणि दादा दहावीत. त्यानं शाळा सोडली, औत धरलं आणि मला कोल्हापुरात वसतिगृहात ठेवून शिकवलं. मी सुट्टीला येणार म्हणून पत्र टाकलं की पत्रात फक्त वार असायचा, गाडीची वेळ कुठली माहीत? मग दादा त्या दिवशी पहिल्या एसटीपासून फाट्यावर सायकल घेऊन उभा. कधी मी पहिल्या गाडीला उतरायचे, कधी संध्याकाळच्या. तो तिथंच असायचा. लग्नानंतर आमच्याकडं गाडी आली, फोन आले, तरी त्याची ती सवय मोडली नाही. फाट्यावर थांबायचा आणि आमच्या गाडीत बसून आम्हाला घरी न्यायचा.

पत्रिका छापून आल्या. देवांच्या झाल्या. आणि एका संध्याकाळी हे सगळ्या पाहुण्यांची यादी घेऊन डबीसमोर बसले. एकेक गाव तिच्यात घातलं. मग तिनं सगळ्यांना धरून रस्ता काढला, आणि ह्यांचा चेहरा असा उजळला, की मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही इतका उजळला नव्हता.

“आठ दिवसांचं काम चार दिवसांत होतंय,” ते म्हणाले. “रविवारी तुझ्या माहेरची बाजू. आधी थेट आजरा. तिथं आत्याबाई आणि बाकीची दोन घरं. मग येताना तुमच्या दादांकडं.”

“दादाकडं आधी,” मी म्हटलं.

“अगं, पण बाई म्हणतीय आधी लांबचं करा. उलटसुलट फेरा पडत नाही.”

“तिला मामा आहे का?”

ह्यावर हे हसले आणि मला समजावू लागले. दिवस तोच आहे. सकाळी दादांकडं गेलो तर पत्रिका देऊन घाईनं उठावं लागेल, पुढची घरं राहिलेली. त्यापेक्षा संध्याकाळी जाऊ, निवांत बसू, जेवूनच निघू. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटलं, की मी मान डोलावली. चूक ती. भावाच्या आधी नवऱ्याच्या आत्याच्या हातात पत्रिका पडणार हे मला कळत होतं, आणि तरी मी मान डोलावली. एकाच दिवसात कोण कशाला मोजायला बसतंय, असं मला वाटलं.

मी दादाला फोन केला. “रविवारी येतोय पत्रिका घेऊन.”

“या की,” तो म्हणाला. वेळ त्यानं विचारली नाही, मी सांगितली नाही.

रविवारी आम्ही सकाळी निघालो. उत्तूर मागं पडलं तशी मी पडद्याकडं सरकून बसले. कारण सांगते. शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा जो मोठा नकाशा होता, त्यात माझं गाव नव्हतं. वीस वर्षं मी मुलींना तो नकाशा शिकवला. एखादी मुलगी विचारायची, “बाई, तुमचं गाव कुठं?” मग मी छडीचं टोक एका मोकळ्या जागेवर टेकवायचे आणि म्हणायचे, “साधारण इथं.” आता मला बघायचं होतं, ह्या यंत्राला तरी आमचं गाव माहीत आहे का. मी श्वास रोखून बघत होते. छोटी गाडी पुढं सरकत होती, वरून नवी नवी नावं खाली येत होती. आणि मग अगदी बारीक अक्षरांत, स्पेलिंग जरा वेडंवाकडं, पण आलं.

“आलं! अहो, आमचं गाव आलं बघा!” मी टाळी वाजवली.

ह्यांनीही मान वळवून पडद्यात बघितलं. “मी म्हणत नव्हतो? सगळं आहे हिच्यात.”

नाव हळूहळू खाली सरकत गेलं आणि पडद्याच्या खालच्या कडेनं दिसेनासं झालं. आम्ही आजऱ्याला पोचलो.

आजऱ्याची तिन्ही घरं झाली. प्रत्येक ठिकाणी हे डबी काढून दाखवत होते. आत्याबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं, बाईमाणूस दारात आलं म्हणून. दिवस कलल्यावर आम्ही परत फिरलो. फाट्यावर कुणी नव्हतं. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण इतक्या उशिरा कोण थांबेल, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. बाईनं आम्हाला बरोबर दादाच्या दारात आणून सोडलं.

दादा कट्ट्यावर बसला होता. उठला, “या पावणं,” असं ह्यांना म्हणाला. मला काहीच म्हणाला नाही. वहिनीनं पाणी आणलं. मी पत्रिका पुढं केली, तर त्यानं हात पुढं केला नाही.

“देव्हाऱ्यापशी ठेव,” तो म्हणाला.

एवढ्यावर कुणीही ओळखलं असतं. पण ह्यांना यंत्रातलं जेवढं कळतं, तेवढं माणसांचं तोंड बघून कळत नाही. त्यांनी उत्साहानं गाडीतून डबी आणली, दादाच्या मांडीवर ठेवली आणि सगळा हिशोब समजावून सांगितला. आधी लांबची घरं का, मग जवळची का, फेरा कसा वाचतो. दादानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी डबी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातात परत दिली.

“लई भारी यंत्र हाय, पावणं. मग त्येलाच हुबं करा की पोरीच्या मागं. माझं काय काम हाय तितं?”

आणि उठून गोठ्याकडं गेला.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “वन्सं, सकाळच्या पयल्या गाडीपास्नं फाट्यावर हुतं त्ये. नवा सदरा घालून. तुमची गाडी दिसली तसा हात केला. टोपी काडून हालवली. गाडी थांबली न्हाय. घरात आलं, म्हनलं, बघितलं आन् गेली. तवापास्नं पोटात अन्नाचा कण न्हाय.”

मी काय बोलायला हवं होतं ते मला त्या क्षणीही कळत होतं. पण तोंडातून भलतंच गेलं.

“ह्यांना घाई होती. ह्यांनी थांबवली नाही.”

का म्हणाले मी असं? मला वाटलं, नवऱ्याला घाई होती हे चालून जाईल. पण भाऊ रस्त्याच्या कडेला टोपी हलवत उभा होता आणि बहिणीला तो दिसलासुद्धा नाही, हे कसं सांगायचं? त्याच्याच गावचं नाव काचेच्या तुकड्यात शोधत होते म्हणून दिसला नाही, हे तर त्याहून कसं सांगायचं? मला माझीच लाज वाटली, आणि ती झाकायला मी नवऱ्याला पुढं केलं.

जेवण झालं नाही. दादा गोठ्यातून आलाच नाही. आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर ह्यांनी बाईला बंद केलं. कागल आलं. मग ते म्हणाले, “वहिनी बाहेर येऊन मला म्हणाल्या, पावणं, दोन मिन्टं थांबला असतासा तर काय बिघडलं असतं. मी गाडी थांबवली नाही म्हणे. मला तर ते दिसलेच नव्हते.”

“मलाही,” मी म्हटलं आणि रडायला लागले. सगळं सांगून टाकलं, वहिनीला काय सांगितलं तेसुद्धा.

मला वाटलं होतं, आता जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. पण हे म्हणाले, “असू दे. रस्ता मीच ठरवला होता. माझ्यावर आलंय ते माझ्यावरच राहू दे. मी जाऊन माफी मागतो.” पंचवीस वर्षांत हा माणूस मला फार वेळा आवडला असं नाही. त्या दिवशी आवडला.

गुरुवारी ते एकटेच गेले. डबी शोकेसमध्येच ठेवली. “तिला बघून त्यांचं डोकं आणखी फिरायचं,” म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझं माहेर स्वतः शोधायची वेळ आली. त्यांची फाट्याची खूण म्हणजे तिथं उभा असलेला मेव्हणा. मेव्हणा नाही म्हटल्यावर त्यांना फाटाच ओळखता येईना. सरळ पुढं निघून गेले. आणि मग, जे त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, ते करावं लागलं. काच खाली केली.

“कुठलं पावणं?”

“कोल्हापूर.”

“कुणाकडं?”

ह्यांनी दादाचं नाव सांगितलं.

“त्येंचं तुमी कोन?”

“जावई.”

“मग जावयाला सासुरवाडी ठावं न्हाय व्हय?”

इथं खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मेव्हणे रुसलेत, समजूत काढायला निघालोय, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या माणसानं चहा पाजला, रस्ता सांगितला. ह्यांना तो कळला नाही, कारण वळणाच्या खुणा सगळ्या माणसांच्या होत्या, अमक्याचं घर, तमक्याचं शेत. पुढं पुन्हा विचारलं, पुन्हा तीच उजळणी. असं पाच ठिकाणी झालं. कुणी सांगितलं, फेटा घेऊन जावा. कुणी सांगितलं, काय बोलू नका, नुसतं पाया पडा. एका म्हाताऱ्यानं, “मी सांगतो त्येला,” म्हणून गाडीत बसून घेतलं, आणि स्वतःचं गाव आल्यावर उतरून गेला. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा गाडीत अनोळखी लोकांनी दिलेले काजू होते आणि आजऱ्याच्या वासाच्या तांदळाची एक पिशवी. निम्म्या तालुक्याला आमचं भांडण माहीत झालं होतं.

“पण दादा काय म्हणाला?” मी विचारलं.

“कोंबडं कापलं माझ्यासाठी. शेजारी बसवून जेवायला घातलं.”

“मग? येतोय ना?”

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. “म्हणाले, पावणं, जावयाचा राग आमी धरत न्हाय. तुमी जेवा. जिनं बोलायचं तिनं बोलाय पायजे.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं निघाले. कुणाला कळवलं नाही. खिडकीजवळ बसले आणि सगळा रस्ता बाहेर बघत राहिले. फाट्यावर उतरून चालत गावात गेले. काय बोलायचं ते मी वाटेत दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा बदललं. एक मन म्हणत होतं, ‘घाई होती’ हेच धरून बस, हात जोड, माफी माग, लग्नाला येईल. खरं सांगितलंस तर तो तोंडसुद्धा बघणार नाही. लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

दादा गोठ्यापुढं म्हशीला वैरण टाकत होता. मला बघून थांबला, पण ‘ये’ म्हणाला नाही. तोंड उतरलं होतं त्याचं. पाच दिवसांत वय झाल्यासारखा दिसत होता. मी ठरवलेलं सगळं विसरले.

“दादा, मी खोटं बोलले,” मी म्हटलं. “ह्यांना घाई नव्हती. त्यांचा काही दोष नाही. मी तुला बघितलंच नाही.”

तो वैरण हातात घेऊनच माझ्याकडं वळला.

“त्या यंत्रात आपल्या गावचं नाव येतंय का ते बघत होते मी. डोळे लावून. नाव आलं तशी टाळ्या वाजवत बसले. तू बाहेर उभा होतास आणि मला दिसला नाहीस. ह्यापेक्षा वाईट काय असतं, दादा? म्हणून सांगायला जीभ रेटली नाही माझी.”

त्यानं हातातली वैरण खाली टाकली.

“न्हाय बघितलंस?”

“नाही.”

“टोपी हालवली ती बी न्हाय?”

“शपथ घेऊन सांगते. काहीच नाही.”

मी मान खाली घालून उभी राहिले. आता जे बोलेल ते ऐकून घ्यायचं असं ठरवलं. मग वर बघितलं, तर दादाचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसत होता.

“आगं येडे,” तो म्हणाला, “मला वाटलं, बघून गेलीस. भाऊ दिसला आन् तरी गेलीस. त्येच गिळंना झालतं बघ मला.”

मग घराकडं तोंड करून तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की म्हशीनं वैरणीतनं मान वर काढली.

“आगं ए, भाईर ये! हिनं मला बघितलंच न्हवतं! पत्रिका आण हिकडं, तारीख बघू दे!”